बोंडअळीचा 'रामबाण' मेसेज, आणि त्यातली जीवघेणी ओळ

'गुलाबी पतंग कंपन्यांनी लॅबमध्ये बनवून 2017 ला विदर्भात सोडला. संध्याकाळी गुलाबी पतंग दिसला की तीन औषधं एकाच पंपात मिसळून मारा. रात्री शेतात बल्ब लावा. पाणी असेल तर एप्रिलपर्यंत कापूस घ्या.' हा मेसेज आमच्या मोठेबाबांनी घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'उद्या फवारतो.' म्हणून लिहावं लागतंय.

गुलाबी बोंडअळीचा पतंग गुलाबी नसतोच. तो करड्या-तपकिरी रंगाचा, सेंटीमीटरभरही लांब नसलेला जीव. दिवसा पालापाचोळ्यात नाहीतर जमिनीच्या भेगांत दडतो, रात्री उडतो. गुलाबी असते ती अळी, तीही मोठी झाल्यावर. गुलाबी पतंगाची वाट पाहत बसलात तर हंगाम निघून जाईल.

लॅबचं म्हणाल तर साँडर्स नावाच्या इंग्रजाने भारतातल्याच कपाशीवरून 1843 साली या किडीचं वर्णन केलंय. तेव्हा कुठल्या कंपन्या होत्या? हां, एक कबूल करतो: 2002 ला आलेल्या बीटीला, म्हणजे अळीला मारणारं विष झाडातच असलेल्या कपाशीला, ही अळी पुढे पचवू लागली, आणि त्यात बियाणं विकणारे अगदीच निर्दोष नाहीत. पण अळीला ती सवय लागू नये म्हणून बीटीभोवती नॉन-बीटीच्या, म्हणजे साध्या कपाशीच्या ओळी लावायच्या असतात, त्या आपल्यापैकी किती जणांनी लावल्या?

आता ते तीन औषधांचं मिश्रण. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने किमान 20 शेतकरी-शेतमजूर गेले. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीचं झाड, डोक्याएवढी, तोंडाला साधा रुमाल, पंपात मनाला येईल ते मिसळलेलं. इतक्या लवकर विसरलो? बरं, अंड्यातून निघालेली अळी लगेच बोंडात शिरते आणि छिद्र बुजून जातं. मग औषध पानांवर, अळी सरकीत. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी! फवारायचं कधी, हे नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने सांगून ठेवलंय: मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणाऱ्या कामगंध सापळ्यात सलग 3 रात्री सरासरी 8 पतंग सापडले तर. तेव्हाही शिफारशीचं एकच औषध, आणि मास्क-हातमोजे घालून. त्याआधी डोमकळ्या, म्हणजे अळी आत शिरल्याने न उमललेली फुलं, तोडून नष्ट करा, त्याला पैसा लागत नाही.

बल्बवर पतंग येतात, हे खरं. पण मित्रकीटकही येतात, तेही मरतात.

एप्रिलपर्यंतची फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही त्याच झाडांवर घेतलेला कापूस, तर अळीला घरबसल्या जेवण. सरकीत आणि वाळल्या बोंडांत ती झोपून राहते आणि पुढच्या कपाशीवर उतरते. डिसेंबरअखेर वावर मोकळं करा. चुलीला पऱ्हाटी लागते हे मान्य, पण धुऱ्यावर रचण्याआधी किडकी बोंडं तरी तोडून जाळा.