बोटातील साखर आणि धमनीतील साखर : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

अत्यवस्थ रुग्णाच्या बोटातील आणि धमनीतील साखरेत पडणारी तफावत त्याच्या रक्ताभिसरणाविषयी काही सांगून जाते, असे मी लेखात म्हटले होते. त्यावर आपले तीन आक्षेप आहेत: अतिदक्षता विभागात ग्लुकोमीटर मुळातच बेभरवशाचा असतो, लॅक्टेटची (पेशींना रक्तपुरवठा कमी पडला की रक्तात वाढणाऱ्या पदार्थाची) तपासणी असताना या खटाटोपाची गरज नाही, आणि इन्शुलिन कोणत्या आकड्यावरून द्यायचे, हे मी सांगितलेले नाही.

पहिला आक्षेप सर्वांत वजनदार आहे. शॉकमधील, म्हणजे रक्ताभिसरण कोलमडलेल्या, रुग्णांच्या बोटातील साखर प्रयोगशाळेतील आकड्यापेक्षा बरीच कमी दिसते, हे १९९१ साली ‘ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले आणि तेव्हापासून आपण सारे या फरकाकडे मापनातील चूक म्हणून पाहत आलो. माझे म्हणणे असे की, यातील एक भाग यंत्राची चूक नसून बोटातील रक्ताची खरी अवस्था आहे. शॉकमध्ये त्वचेच्या रक्तवाहिन्या आकसतात, केशवाहिन्यांत रक्त रेंगाळते आणि भोवतालच्या पेशी मात्र त्यातून ग्लुकोज घेतच राहतात. त्यामुळे तिथली साखर धमनीतल्यापेक्षा खाली जाते. आत येणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या रक्तातील फरकावरून प्रवाहाचा हिशेब मांडता येतो, हे तत्त्व जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ आडोल्फ फिक यांनी १८७० साली सांगितले होते. अर्थात त्या हिशेबाला पेशींनी नेमके किती ग्लुकोज घेतले हे ठाऊक असावे लागते आणि इथे ते ठाऊक नसते, म्हणून या तफावतीला मी मोजमाप न म्हणता खूण म्हणतो.

यंत्राच्या मर्यादेबद्दल आपण लिहिले ते योग्यच आहे. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या २०१३च्या मानकानुसार १०० मिलिग्रॅमच्या (प्रति डेसिलिटर) वरील आकड्यांत पंधरा टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो, म्हणजे खरी साखर १५० असेल तर बावीस मिलिग्रॅम इकडे-तिकडे झाले तरी यंत्र निर्दोषच ठरते. वीस मिलिग्रॅमच्या तफावतीवरून कोणी निष्कर्ष काढू लागला, तर मीही त्याला थांबवीन. मात्र दोन्ही नमुने एकाच वेळी, एकाच ग्लुकोमीटरवर तपासले, तर कमी हिमॅटोक्रिटमुळे, म्हणजे रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण कमी असल्यामुळे, येणारी चूक दोन्हींकडे जवळजवळ सारखीच पडते आणि वजाबाकीत बरीचशी निघून जाते. प्राणवायूचे तसे नाही. ग्लुकोज ऑक्सिडेज या विकरावर चालणाऱ्या स्ट्रिपवर भरपूर प्राणवायू असलेले धमनीचे रक्त साखर कमी दाखवते, त्यामुळे खरी तफावत झाकली जाऊ शकते. तेथे दुसऱ्या पद्धतीची स्ट्रिपच हवी. सुजलेले बोट दाबून थेंब काढला, तर ऊतींतील द्रव मिसळून आकडा बिघडतो. नॉरॲड्रेनॅलिन हे रक्तवाहिन्या आकसवून रक्तदाब वाढवणारे औषध चालू असताना पडलेल्या तफावतीत औषधाचा वाटा किती आणि आजाराचा किती, हे वेगळे काढता येत नाही, आणि माझ्या दृष्टीने या पद्धतीची सर्वांत मोठी अडचण हीच आहे.

लॅक्टेट उपलब्ध असेल तर ते जरूर पाहावे, पण तेही निर्मळ साक्षीदार नाही. ॲड्रेनॅलिनमुळे ते वाढते आणि यकृत थकले असेल तर उतरायला वेळ लावते. दक्षिण अमेरिकेतील पाच देशांत ४२४ रुग्णांवर झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अँड्रोमेडा-शॉक चाचणीत बोटाचे टोक दाबून त्याचा रंग परतण्याचा वेळ पाहत केलेले उपचार लॅक्टेटवर आधारलेल्या उपचारांपेक्षा वाईट ठरले नाहीत. अठ्ठावीस दिवसांतील मृत्यू अनुक्रमे ३४.९ आणि ४३.४ टक्के होते, मात्र तो फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. बोट दाबून पाहायला काहीच खर्च येत नाही, म्हणून साखरेच्या तफावतीला मी त्याच्या मागेच उभे करतो. रंग परतण्याचा वेळ आणि लॅक्टेट वेगवेगळे बोलत असतील, तेव्हा तिची साक्ष काढावी, इतकेच.

इन्शुलिनबद्दल मात्र माझे मत ठाम आहे. हातपाय गार पडलेल्या रुग्णात बोटाच्या आकड्यावर इन्शुलिन किंवा डेक्स्ट्रोज (शिरेतून द्यायची साखर) ठरवू नये. धमनीतील नमुना घ्यावा आणि तो घेण्याआधी धमनीत बसवलेल्या त्या नळीमधून (लाइनमधून) ग्लुकोजयुक्त द्रव जात नाही ना, हे पाहावे, कारण तसे द्रव मिसळून साखर खोटी वाढलेली दिसली आणि त्यावर इन्शुलिन दिले, तर रुग्णाचा मेंदू कायमचा दुखावू शकतो. इन्शुलिन सुरू करण्याची पातळी १८० मिलिग्रॅम, जी २०२१च्या सेप्सिसविषयक (जंतुसंसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागण्याविषयीच्या) आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत दिली आहे, तीच मीही पाळतो.