कॅलिफोर्नियाचे पॅरोल मंडळ : ‘नीट वागला की सुटला’ हा दावा का टिकत नाही

कॅलिफोर्नियात तुरुंगात नीट वागले की खुनीही सुटतो, कारण पॅरोल मंडळाचे (पॅरोल म्हणजे तेथे तात्पुरती रजा नव्हे, तर देखरेखीखालची मुदतपूर्व सुटका) दोन सदस्य बंद दाराआड निर्णय देतात आणि त्यांना विचारणारे कोणी नसते, असा दावा समाजमाध्यमांवर सर्रास केला जातो. सुनावणी बहुधा दोघांसमोर होते एवढेच त्यात खरे आहे.

मुळात बहुतेक कैद्यांची अशी सुनावणी होतच नाही. 1977 पासून तेथे बहुसंख्य गुन्ह्यांना ठरावीक मुदतीची शिक्षा आहे. मंडळासमोर येतात ते प्रामुख्याने ‘15 वर्षे ते जन्मठेप’ अशा, म्हणजे किमान मुदत ठरलेली पण शेवट न ठरलेल्या शिक्षेचे कैदी.

चांगली वर्तणूक हा निकषांपैकी केवळ एक आहे. आज सोडल्यास या माणसापासून समाजाला अवाजवी धोका आहे का, हा मंडळापुढचा खरा प्रश्न. गुन्हा क्रूर होता एवढ्यावरून पॅरोल नाकारता येणार नाही, त्या क्रौर्याचा आजच्या धोक्याशी संबंध दाखवावा लागेल, असे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये लॉरेन्स प्रकरणात ठरवले. म्हणून मानसशास्त्रज्ञाचा अहवाल, शिस्तभंगाच्या नोंदी, सुटकेनंतरची सोय आणि आपण तो गुन्हा का केला याची कैद्याला आलेली समज, हे सारे तपासले जाते. ऑगस्ट 2025 मध्ये आई-वडिलांच्या खुनाबद्दल शिक्षा भोगणाऱ्या मेनेंडेझ बंधूंना मंडळाने नकार दिला, तेव्हा तुरुंगात लपवून वापरलेले मोबाइल त्यांच्या विरोधात गेले. नकारानंतरची पुढची सुनावणी 3 ते 15 वर्षांनी ठेवता येते.

बंद दाराचा आरोपही चुकीचा आहे: कैद्याचा वकील असतो, सरकारी वकील आणि पीडितांचे नातेवाईक बाजू मांडू शकतात, आणि सुनावणीचा शब्दशः वृत्तान्त कोणालाही मागवता येतो.

राहिला वचकाचा मुद्दा. अनुकूल निर्णयाची 120 दिवसांपर्यंत कायदेशीर छाननी होते. त्यानंतर खुनाच्या प्रकरणात गव्हर्नर 30 दिवसांत तो फिरवू शकतात, हा अधिकार मतदारांनीच 1988 मध्ये दिला. सिनेटर रॉबर्ट केनेडींचा मारेकरी सिरहान याच्या सुटकेची मंडळाची 2021 ची शिफारस गव्हर्नर न्यूसम यांनी जानेवारी 2022 मध्ये फेटाळली. 1969 मध्ये हत्याकांड घडवणाऱ्या मॅन्सन टोळीतील लेस्ली व्हॅन हाउटन यांच्या सुटकेची शिफारस तर मंडळाने पाच वेळा केली आणि पाचही वेळा गव्हर्नरांनी ती अडवली. मला चिंता वाटते ती इथे, कारण निवडणूक लढवणाऱ्या व्यक्तीला अशा प्रकरणांत लोकक्षोभाकडे पाठ फिरवणे कठीण असते. अखेर मे 2023 मध्ये अपील न्यायालयाने गव्हर्नरांचा नकार पुराव्याअभावी रद्द केला आणि जुलैमध्ये व्हॅन हाउटन तुरुंगाबाहेर आल्या.