फोकस पॉईंट दिसला नाही म्हणून फोटो खोटा ठरत नाही

फोटोग्राफीच्या ग्रुप्सवर सध्या एक मेसेज फिरतोय, तुमच्यापर्यंत आला नसेल तर थोडक्यात सांगतो. फोटो एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये उघडा, फोकस पॉईंट, म्हणजे कॅमेऱ्याने फोकस कुठे धरला ते दाखवणारा चौकोन, दाखवायचा ऑप्शन चालू करा, की सगळं कळतं म्हणे. चौकोन जिथे असेल तिथेच फोटो सगळ्यात शार्प. चौकोन जितके जास्त तितका फोकस चांगला. चौकोन हलवला की फोकस नंतरही बदलता येतो. चौकोन डोळ्यावर आहे आणि डोळा ब्लर आहे, म्हणजे लेन्स खराब, परत करा. आणि चौकोन दिसलाच नाही तर फोटो ओरिजिनल नाही, कुठून तरी उचललेला आहे.

मी वाचून सोडून दिलं असतं. पण माझ्या भाचीने तिच्या ग्रुपवर फुलपाखराचा फोटो टाकला, मागितली म्हणून फाईलही दिली, तर त्याखाली कोणीतरी हाच मेसेज चिकटवला आणि चौकोन दिसत नाही, मग फोटो नक्की कोणाचा, असं सगळ्यांसमोर विचारलं. तिने मॅक्रो लेन्सची, म्हणजे अगदी जवळून फोटो काढायच्या लेन्सची, रिंग हाताने फिरवून काढलेला फोटो आहे तो. तिने तो ग्रुपवरून काढून टाकला आणि मला विचारतेय, मामा माझ्या कॅमेऱ्यात काही गडबड आहे का? म्हणून शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण बाकीच्या मुद्द्यांनी फार तर वेळ वाया जातो, ह्याने माणसावर चोरीचा आळ येतो.

मुळात तो चौकोन फोटोत नसतोच. कॅमेरा फोटोसोबत काही नोंदी लिहून ठेवतो, तारीख, शटर स्पीड, अ‍ॅपर्चर वगैरे, त्याला एक्सिफ म्हणतात. ह्यातल्या बऱ्याच नोंदींचं स्वरूप स्टँडर्डने ठरवून दिलंय, पण ऑटोफोकसचा तपशील बहुतेक कॅमेऱ्यांत मेकरनोट नावाच्या टॅगमध्ये जातो, टॅग क्रमांक ३७५००, आणि त्याबद्दल एक्सिफ स्टँडर्ड स्वतःच सांगतं की हा टॅग कंपनीला हवी ती माहिती लिहायला आहे, आत काय असावं ते कंपनीने ठरवायचं. हे एकच वाक्य नीट वाचलं तरी त्या मेसेजमधला अर्धा मजकूर गळून पडतो. कॅनन एका पद्धतीने लिहितं, निकॉन दुसऱ्या, सोनी तिसऱ्या. फिल हार्वी नावाच्या माणसाने ह्या नोंदी वाचणारं आणि बदलणारं एक्सिफटूल नावाचं सॉफ्टवेअर बनवलं, त्यात प्रत्येक कंपनीच्या नोंदींची वेगवेगळी लांबलचक यादी आहे, ती एकदा उघडून बघा म्हणजे सगळीकडे चालेल असं एक बटण का नाही ते कळेल.

प्रत्येक कंपनीचं आपलं सॉफ्टवेअर असतं. कॅननची फाईल कॅननच्या डिजिटल फोटो प्रोफेशनलमध्ये, निकॉनची एनएक्स स्टुडिओमध्ये, सोनीची इमेजिंग एजमध्ये उघडली तर चौकोन दिसतो. कॅननची जेपेग एनएक्स स्टुडिओमध्ये उघडलीत तर फोटो दिसेल, चौकोन नाही. लाइटरूम क्लासिक ह्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये तर लोक त्यासाठी वेगळं प्लगइन, म्हणजे जोड-प्रोग्राम, टाकतात आणि ते प्लगइनही आतून एक्सिफटूललाच विचारतं.

आता खऱ्या फोटोत चौकोन का दिसत नाही ते बघा. मॅन्युअल फोकस केला, तर ऑटोफोकसने काही केलंच नाही, तो लिहिणार काय? ताऱ्यांचे फोटो जवळजवळ सगळे असेच काढतात, मॅक्रोवालेही बरेचसे, आणि जुन्या मॅन्युअल लेन्स लावणारे तर सगळेच. मेसेजवर विश्वास ठेवायचा तर हे सगळे चोर. दुसरं, लाइटरूममधून जेपेग एक्सपोर्ट केली की तारीख, शटर राहतं पण मेकरनोट गळतो, म्हणजे रंग जरासे नीट करून एक्सपोर्ट केलेला अस्सल फोटोही ह्या परीक्षेत नापास. तिसरं, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला की फाईल नव्याने दाबून बनते आणि कॅमेऱ्याच्या नोंदी जातात, त्या ठेवायच्या तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावा लागतो. म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो घेऊन त्यात चौकोन शोधा असं व्हॉट्सअ‍ॅपवरच सांगतायत आणि लोक शोधतायत!

उलट बाजूनेही हे टिकत नाही, आणि ह्याबद्दल कोणी बोलतच नाही. एक्सिफटूलने एका फोटोतला मेकरनोट उचलून दुसऱ्या फोटोत टाकता येतो, एका ओळीची कमांड आहे. म्हणजे ज्याला खरंच फसवायचंय तो चौकोन बसवून आणेल आणि पास होईल, आणि जिने प्रामाणिकपणे हाताने फोकस केला ती नापास. फोटोत फेरफार झालाय का हे ओळखण्यासाठी कॅनन आणि निकॉनने खास सोयी केल्या होत्या, त्यासुद्धा एल्कॉमसॉफ्ट ह्या सॉफ्टवेअर कंपनीने २०१० आणि २०११ मध्ये फोडून दाखवल्या. लायकाने २०२३ मध्ये एम११-पी आणला, तो फोटो काढतानाच डिजिटल सही करतो, तो वेगळा आणि गंभीर प्रयत्न आहे. फोकस पॉईंटच्या नोंदीला तर साधं कुलूपसुद्धा नाही. खरंच शंका असेल तर रॉ फाईल, म्हणजे कॅमेऱ्यातली प्रक्रिया न केलेली मूळ फाईल, मागा, त्याच्या आधीचे आणि नंतरचे फ्रेम मागा, आणि ते खाजगीत मागा. फोटो ज्याने काढलाय त्याच्याकडे बहुतेक वेळा फसलेले दहा फ्रेम पडलेले असतात, उचलणाऱ्याकडे ते नसतात.

चौकोन तिथेच शार्प, ह्यात अर्धं खरं आहे, ते मान्य करतो. कॅमेऱ्याने फोकस कुठे धरायचा प्रयत्न केला ते चौकोनावरून कळतं आणि शिकणाऱ्याला ते फार उपयोगाचं आहे, चूक आपली की कॅमेऱ्याची ह्याचा अंदाज येतो. पण ती जागा फ्रेमच्या हिशोबात लिहिलेली असते. मधल्या पॉईंटने डोळ्यावर फोकस लॉक केला आणि मग फ्रेम बाजूला सरकवली, तर चौकोन मागच्या भिंतीवर दिसेल आणि शार्प असेल डोळा. शिवाय हलत्या गोष्टीवर सतत फोकस धरत राहणाऱ्या कंटिन्युअस ऑटोफोकसमध्ये कॅमेरा रिलीज प्रायॉरिटीवर, म्हणजे फोकसपेक्षा शटर आधी ह्या सेटिंगवर, असेल तर फोकस लागायच्या आधीही शटर पडतं.

चौकोन जास्त तर फोकस चांगला, हे चूक आहे. झोन किंवा ऑटो मोडमध्ये, म्हणजे पॉईंट कॅमेराच निवडतो तेव्हा, एकाच अंतरावर बरेच पॉईंट जुळले की बरेच चौकोन दिसतात, एवढंच. पक्ष्याच्या डोळ्यावरचा एकच चौकोन त्याच्या छातीवरच्या नऊ चौकोनांपेक्षा कधीही बरा. आणि चौकोन हलवून फोकस बदलतो हे तर साध्या फोटोत शक्यच नाही. लायट्रो कंपनीचे लाइट फील्ड कॅमेरे होते, प्रकाशाची दिशाही नोंदवणारे, त्यांना ते जमायचं, ती कंपनी २०१८ मध्ये बंद झाली. कॅननच्या ५डी मार्क ४ मधलं ड्युअल पिक्सेल रॉ फोकस केसभर सरकवतं. फोनच्या पोर्ट्रेट मोडमध्ये बदलतो तो सॉफ्टवेअरने घातलेला ब्लर.

राहिला लेन्सचा मुद्दा, ह्यात लोकांचे पैसे जातायत म्हणून थांबतो. ८५ एमएमची लेन्स, एफ १.४, समोरचा माणूस दीड मीटरवर, फुल फ्रेम कॅमेऱ्यावर शार्प पट्टा मिळतो साधारण अडीच सेंटीमीटरचा. फोकस लागल्यावर तो माणूस किंवा तुम्ही जरासे पुढेमागे झुललात की डोळा त्या पट्ट्याबाहेर, चौकोन मात्र डोळ्यावरच. शटर १/६० असेल आणि मान हलली तरी डोळा ब्लर, तेव्हाही चौकोन डोळ्यावरच. ह्यात लेन्सचा काय दोष?

हो, डीएसएलआरमध्ये, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यात, व्ह्यूफाइंडरमधून बघताना फोकस वेगळ्या सेन्सरवर होतो, त्यामुळे लेन्स आणि बॉडीचं जुळलं नाही तर फोकस सतत पुढे किंवा सतत मागे पडू शकतो, हे खरं आहे. पण ते एका फोटोवरून कळत नाही. कॅमेरा ट्रायपॉडवर लावा, समोर छापील कागद सरळ उभा करा, लेन्स पूर्ण उघडी, म्हणजे सगळ्यात लहान एफ आकड्यावर, ठेवा, व्ह्यूफाइंडरमधून काही फोटो काढा, प्रत्येक वेळी फोकस आधी बिघडवून मग नव्याने लावा, नंतर तेच लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून, करा. लाइव्ह व्ह्यूचे शार्प आणि व्ह्यूफाइंडरचे सगळे सारखेच मऊ आले, तर कॅननमध्ये एएफ मायक्रोअ‍ॅडजस्टमेंट आणि निकॉनमध्ये एएफ फाइन ट्यून ही फोकसची जुळणी सुधारायची सोय बऱ्याच बॉड्यांच्या मेनूतच असते, ती वापरून बघा. दोन्हीकडचे मऊ आले, तर मग लेन्स तपासायला द्या.