गुडघा उजवा की बरा?

बुडापेस्टमध्ये राहून तुम्हाला हंगेरियन येतं हे एकदा बिल्डिंगमध्ये कळलं की संपलात. वरच्या मजल्यावरच्या नेनी (इथे वयस्कर बायकांना नेनी म्हणतात, आपल्या काकू आणि आजीच्या मधलं कायतरी) कागद घेऊन दारात हजर. मुलगा लंडनला असतो, तिथल्या डॉक्टरला रिपोर्ट दाखवायचाय, इंग्लिश करून दे, एकच तर पान आहे.

एकच पान, पण त्यात धड एक शब्द पूर्ण नाही! 'रेग्ग. मेर. 20 मिनिटं'. मेर. म्हणजे मेरेवशेग, ताठरपणा. रेग्गेली म्हणजे सकाळचा, आणि नाश्त्यालाही रेग्गेलीच म्हणतात, त्यामुळे मी आधी वीस मिनिटं ताठ झालेला नाश्ता लिहून मोकळी. होतं काय तर सकाळी सांधे आखडणं. मग 'मोझ्ग. बेस.'. मोझ्ग म्हणजे हालचाल हे माहिती होतं, पण बेसेद म्हणजे बोलणं, मग हालचाल बोलते म्हणजे गुडघा कटकट वाजतो की काय? रात्री अकराला कळलं की ते बेसूक्युलेश आहे, म्हणजे गुडघा पूर्ण वाकत नाही. दुखण्याला फाय्दॉलोम, त्याचं 'फाय्द.'. फायदा कुणाचा ते विचारू नका.

पण खरी गोची पुढेच होती. 'तेर्द फाय्द. योब'. तेर्द गुडघा. योब म्हणजे उजवा. आणि योब म्हणजेच आधीपेक्षा बरा! म्हणजे उजवा गुडघा दुखतोय की गुडघेदुखी कमी आहे? दोन्हीत केवढा फरक, आणि डॉक्टरने वाचवली किती अक्षरं तर चार-पाच. खाली आजाराचा कोड होता, एम 17.1. म्हटलं सुटले, तर तो कोड नुसतं सांगतो की एकाच गुडघ्याची झीज आहे, कुठल्या ते नाही. शेवटी नेनींनाच फोन केला. म्हणाल्या, अगं दोन्ही दुखतात, पाठसुद्धा दुखते, लिही ना ते पण.

शेवटच्या ओळीत कोपऱ्यात 'बॉल ओ. नेग.' सापडलं. बॉल म्हणजे डावा, डावीकडे काही नाही. म्हणजे उजवाच! रात्रीचे दोन.

सकाळी मान अशी धरली की वळेना. नेनी कागद न्यायला आल्या, मी खांदा चोळतेय बघून काळजीने म्हणाल्या, "योब मार?" म्हणजे बरं आहे का आता.

मी म्हटलं, "नाही हो, डावा."