पैसे नाहीत ना? मग काढाच कॉमेडी पिक्चर

तुमच्याकडे पैसे नाहीत, एकही स्टार ओळखीचा नाही, कॅमेरा मित्राचा आहे आणि तो मित्र गेल्या दिवाळीपासून तुमच्यावर रुसलाय? अभिनंदन, तुम्ही इंडिपेंडंट फिल्ममेकर झालात. आता फक्त हॉरर काढू नका, मेकअप लागतो. ऐतिहासिकचं तर नावच नको, घोडे लागतात आणि वर भावना दुखावतात त्या वेगळ्याच. कॉमेडी काढा. कॉमेडीत भिंत हलली, मिशी सुटली, ऐन डायलॉगात शेजारच्या काकूंच्या कुकरनं शिट्टी दिली तरी पब्लिक हसतं, आणि नेमकं कशाला हसलात हो, असं आपण विचारायला जायचं नाही.

जमेल का, असं विचारू नका. मालेगावात जमलं. मागांचं गाव, शुक्रवारी पॉवरलूम बंद आणि कामगार थेटरात. तिथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिरनं २००० साली शोलेचं विडंबन काढलं, साधारण पन्नासेक हजारात. घोडे परवडत नाहीत म्हणून डाकू सायकलवर, ट्रेन परवडत नाही म्हणून बस. आता खरं सांगा, डाकू दात-ओठ खात पॅडल मारत येतोय ही कल्पना कोट्यवधी रुपये घेऊन बसलेल्या कुठल्या लेखकाला सुचली असती? त्याला घोडेच मिळाले असते बिचाऱ्याला. पुढे यांनीच सुपरमॅन काढला, हिरो कोण तर शफीक नावाचा माग चालवणारा काटकुळा पोरगा, चड्डीचा नाडा बाहेर लोंबतोय, आणि तो उडतो कसा तर ट्रकला हिरवं कापड लावायचं आणि त्याच्यापुढे त्याला आडवा धरायचा, हिरव्याच्या जागी आभाळ नंतर कंप्युटरवर टाकायचं. या सगळ्या खटाटोपावर फैझा अहमद खान यांची 'सुपरमेन ऑफ मालेगाव' नावाची डॉक्युमेंटरी आहे, जरूर बघा, त्यात मधेच कॅमेरा पाण्यात पडतो आणि मधेच सुपरमॅनचं लग्न निघतं. असं होणारच. तुमच्या हिरोचंही निघेल. नाही निघालं तर त्याच्या मावसभावाचं निघेल आणि शूटिंगच्या दोन रविवारांच्या मधे तो केस बारीक करून येईल, म्हणजे दारातून आत येताना झिपऱ्या आणि सोफ्यावर बसेपर्यंत सोल्जर कट. घाबरू नका, एक डायलॉग टाका: "आत येता येता कापून घेतले." सगळ्यात जास्त टाळ्या त्यालाच पडतील आणि तुम्ही मुलाखतीत सांगायचं की हो, ते स्क्रिप्टमधेच होतं.

अमेरिकेतही हेच चालतं, उगाच न्यूनगंड नको. केविन स्मिथ न्यू जर्सीतल्या ज्या किराणा-सिगारेटच्या दुकानात गल्ल्यावर बसायचा तिथेच त्यानं 'क्लर्क्स' काढला. खर्च २७,५७५ डॉलर, पैसे कुठून तर क्रेडिट कार्डं घासली आणि साठवलेली कॉमिक्स विकली. दिवसा दुकान चालू, म्हणून शूटिंग रात्री, पण गोष्ट तर दिवसाची आहे, मग काय, शटरच्या कुलपात कुणीतरी च्युइंगगम कोंबलंय असं दाखवलं, म्हणजे शटर उघडायलाच नको आणि बाहेरचा अंधार दिसायलाही नको, आणि बाहेर चादरीवर बूटपॉलिशनं लिहिलं की दुकान चालू आहे हो. झाला गॅग. १९९४ ला पिक्चर आला आणि अजून लोकांना ती चादर आठवते. रात्रीचा दिवस करणाऱ्या लाइटचं भाडं परवडलं असतं तर चादर नसती.

आता बजेट. हे नीट समजून घ्या कारण इथेच कच्चे लोक मार खातात. लो बजेट म्हणजे खर्च कमी असतो असं नाही, खर्च तेवढाच असतो, फक्त तो दुसरे लोक करतात आणि आपण तो लिहून ठेवत नाही. मामांचा कर्जतचा बंगला, भाडं शून्य. आईनं पहाटे उठून केलेले युनिटभर पोहे, शून्य. साउंडवाला पोरगा एक्स्पोजरवर, म्हणजे नाव होईल या आशेवर फुकट आलाय, तो शून्याच्याही खाली, कारण पेट्रोल त्याचंच. 'वन कट ऑफ द डेड' या जपानच्या गाजलेल्या झोंबीवाल्या कॉमेडीचा सगळा खर्च तीस लाख येन म्हणतात, कारण त्यातले बरेच कलाकार अ‍ॅक्टिंगच्या वर्कशॉपला आलेले होते. आणि पिक्चरनं कमावले तीन अब्ज येनच्या वर! हा आकडा घरी अजिबात सांगू नका, नाहीतर बाबा मोबदल्याचं विचारतील. बाहेर मात्र बजेट सांगत राहा आणि दर मुलाखतीत ते थोडं थोडं कमी करत न्या.

पोह्यांवरून आठवलं, सीनमधे खायचे पोहे आणि युनिटचे पोहे ही दोन पातेली वेगळी ठेवा. उपाशी नट पहिल्याच टेकला प्लेट चाटूनपुसून साफ करतो, अभिनय अप्रतिम होतो आणि दुसऱ्या अँगलला दाखवायला शेंगदाणासुद्धा उरत नाही.

मजा कशात आहे सांगू का, तुम्हाला सांगणारं कुणी नाही. निर्मात्याचा पुतण्या नाही, लंडनचं गाणं नाही, "सेकंड हाफमधे जरा इमोशन टाका" नाही. फालतूतला फालतू जोक तुमचा, आणि तो ठेवायचा की काढायचा हेही तुम्हीच ठरवणार, म्हणजे ठेवणारच. हे सुख पैसेवाल्याला कधी मिळत नाही, त्याच्या प्रत्येक जोकवर चार जणांच्या सह्या लागतात आणि सही होईपर्यंत जोक शिळा होतो. तुम्ही बिनधास्त, फक्त चहा पण तुम्हीच आणायचा आणि ट्रॅफिकचा मामा आला की परवानगीचा कागद शोधायचं नाटकही तुम्हीच करायचं (ते शूट करून ठेवा, बऱ्याचदा पिक्चरपेक्षा बरं होतं).

रिलीजचं फार मनावर घेऊ नका. थेटर मिळणार नाही, मिळालं तर मंगळवारी सकाळी, आणि समोर बसलेले सगळे पिक्चरमधेच असतील. उलट चांगलं, कुणी मधेच उठून जात नाही, प्रत्येकजण आपला सीन यायची वाट बघत असतो.

शेवटी 'विशेष आभार' ची पाटी येते, तिला कात्री लावू नका. तेच तुमचं पेमेंट आहे, सगळ्यांचं, एकरकमी. पिक्चर सत्तर मिनिटांचा आणि आभार सहा मिनिटांचे झाले तरी चालतील, आईचं नाव पोह्यांसाठी न टाकता 'प्रॉडक्शन कंट्रोलर' म्हणून टाका, साउंडवाल्याचा फॉन्ट एक नंबर मोठा करा, आणि मामांचं आडनाव छापण्याआधी दोनदा तपासा, पुढच्या पिक्चरला पण बंगला लागणारे.