मे अखेरीस छत बदलण्याचा सल्ला का मानू नये

उन्हाळ्याची चाहूल लागली की पुण्यातील सोसायट्यांच्या आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरू लागतो. घराचे छत बदलायचे असेल, मग ते पत्र्याचे असो वा कौलांचे, तर मे महिन्याचा शेवटचा पंधरवडा सर्वांत योग्य, असे त्यात म्हटलेले असते. त्यासाठी पाच कारणे दिलेली असतात: कडक उन्हात काम पक्के होते, गळती कुठे आहे ते वळवाच्या पावसातच कळते, म्हणून त्याआधी हात लावू नये, जुन्या पत्र्यावरच नवा टाकल्यास खर्च निम्म्यावर येतो, कौले उतरवून पत्रा टाकला की भार हलका होऊन घर निर्धास्त होते, आणि काम दोनच दिवसांचे असल्यामुळे लवकर धावपळ करण्याचे कारण नाही. यांपैकी चौथे कारण अर्धे खरे आहे. बाकीची चार तपासून पाहता टिकत नाहीत.

हा समज आला कोठून, हे आधी पाहण्यासारखे आहे. पेठांमधील कौलारू घरांची शाकारणी चैत्र-वैशाखातच होत असे. कौले उतरवून झाडायची, फुटकी बदलायची, सरकलेली पुन्हा बसवायची आणि छताचे जेवढे पाखे, म्हणजे उतार, सकाळी उघडले तेवढे दिवेलागणीपूर्वी झाकून टाकायचे, असा तो क्रम होता. रात्री वळीव कोसळला तरी डोक्यावर छत असे. छत बदलताना मात्र आढ्यापासून (छताच्या माथ्यापासून) वळचणीपर्यंत (खालच्या कडेपर्यंत) सगळे उघडे पडते, कुजलेले वासे आणि त्यांवरच्या आडव्या रिपा निघतात, आणि ते झाकणे एका संध्याकाळी होत नाही. शाकारणीचे वेळापत्रक छतबदलाला लावणे ही या संदेशाची मूळ चूक आहे.

पुण्यात मोसमी पाऊस साधारणतः १० जूनच्या सुमारास येतो, ही सरासरी झाली. २०२५ मध्ये तो २६ मे रोजीच दाखल झाला आणि त्याआधी वळवाने शहराला झोडपून काढले होते. आमच्या घराचे मागचे पाखे नेमके त्याच आठवड्यात उघडे होते. कारागिराने दिलेली तारीख १८ मेची होती, ती आधीच्या घराचे काम लांबल्यामुळे २३ वर गेली, आणि पुढच्या चार रात्री आम्ही ताडपत्रीखाली धान्याचे डबे इकडून तिकडे हलवीत काढल्या. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, कारण त्या पंधरवड्यात त्याच्या वहीत नऊ घरे होती आणि त्याचे निम्मे मजूर लग्नसराईसाठी व पेरणीच्या तयारीसाठी गावी गेले होते. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत तोच कारागीर स्वतः येऊन माप घेऊन जातो.

कडक उन्हाचा मुद्दा तर पत्र्याला लागूच होत नाही, कारण पत्र्याला वाळायचे काही नसते. उन्हाने उलट अडचण होते. दुपारी तापलेल्या पत्र्यावर पाय ठेवता येत नाही, त्यामुळे कामाचे तास सकाळचे चार आणि संध्याकाळचे दोन एवढेच उरतात. आढ्यावरच्या कोन्यांचे (माथ्यावरच्या कौलांचे) सिमेंट, भिंतीलगतचा वाटा (सांध्यावरची सिमेंटची गोलाई) किंवा स्लॅबवरचा कोबा यांना तर निदान सात दिवस ओलावा द्यावा लागतो. मे महिन्यात माल सकाळी लावला की दुपारपर्यंत पृष्ठभाग कोरडा पडून केसासारख्या भेगा दिसू लागतात, आणि धरणांचा साठा घटल्यामुळे पाणीकपात असेल तर पाणी मारायचे कोठून, हा वेगळाच प्रश्न. हिवाळ्यात तोच माल शांतपणे घट्ट होतो.

गळतीसाठी पावसाची वाट पाहावी, या मुद्द्यात तर्कच उलटा आहे. पाणी छतातून ज्या जागी आत येते त्याच जागी ते खाली पडत नाही. ते वाशावरून ओघळत चार-सहा फूट दूर जाऊन टपकते, त्यामुळे पावसात खाली बादली ठेवून वरचे भोक सापडत नाही. खरी खूण मागे उरलेल्या डागांत असते. लाकडावर काळसर ओघळ, हुकाभोवती गंजाचे वर्तुळ आणि भिंतीच्या माथ्याला बुरशी दिसते, आणि हे सगळे ऑक्टोबरमध्ये सर्वांत ताजे असते. भर दुपारी माळ्यावर जाऊन खिडकी झाकली की पत्र्याची बारीक भोके चांदण्यांसारखी दिसतात, त्यांना तिथल्या तिथे खडूने खूण करावी. त्यानेही समजले नाही तर पाइपने पाणी सोडून पाहावे, मात्र सुरुवात वळचणीपासून करून हळूहळू आढ्याकडे जावे. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळते आणि काहीच समजत नाही.

जुन्या पत्र्यावर नवा टाकण्याचा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो. दोन पत्र्यांच्या मधल्या फटीत ओल कोंडते आणि नवा पत्रा खालून, नजरेआड गंजू लागतो. शिवाय खालची कैची (छत पेलणारा त्रिकोणी सांगाडा) आणि रिपा कोणत्या अवस्थेत आहेत हे पाहण्याची एकमेव संधी आपण हातची घालवतो. जुना पत्रा सिमेंटचा असेल तर गोष्ट याहून गंभीर आहे. त्यात बहुधा ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात, आणि सर्व प्रकारचे ॲस्बेस्टॉस कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ठरवलेले आहे. नवा पत्रा बसवण्यासाठी त्यातून ड्रिल मारले, किंवा उतरवताना तो घणाने फोडला, की तेच तंतू हवेत मिसळतात. असा पत्रा पाण्याने भिजवून, हुक सोडवून, अखंड खाली उतरवावा लागतो, आणि तो ठिसूळ झालेला असल्यामुळे माणसाने त्यावर उभे न राहता आडव्या टाकलेल्या फळीवर उभे राहावे लागते. घाईत असलेली टोळी यातले काही करील, अशी अपेक्षा मे महिन्यात ठेवणे व्यर्थ आहे.

आता त्या अर्ध्या खऱ्या मुद्द्याकडे वळू. मंगलोरी कौलांचे छत रिपांसह चौरस मीटरला साधारण ६५ किलो भरते, तर अर्धा मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा जेमतेम पाच किलोचा असतो. भार हलका होतो, यात शंका नाही. परंतु कौलांचा तोच भार वाऱ्याच्या उचलीविरुद्ध छताला खाली धरून ठेवत होता, हे संदेशात येत नाही. इमारतींच्या रचनेसाठीच्या भारतीय मानकात पुण्याचा मूलभूत वाऱ्याचा वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर धरलेला आहे. अशा झोतात हलके छत उचलले जाते, आणि सर्वांत जास्त ओढ कडांना व कोपऱ्यांना बसते. म्हणून कौलांच्या जागी पत्रा टाकताना कैची भिंतीला पट्ट्यांनी आणि बोल्टने जखडणे, तसेच वळचणीला व आढ्याला स्क्रू कमी अंतरावर घेणे हे कामाचा भाग मानले पाहिजे. जुन्या मातीच्या भिंतीत असा बोल्ट धरत नाही, त्यासाठी भिंतीच्या माथ्यावर आधी काँक्रीटचा पट्टा ओतावा लागतो. त्याला दिवस लागतात आणि पाणीही लागते.

यातच दोन दिवसांच्या दाव्याचे उत्तर आले. पत्रे चढवायला दोन दिवस लागतात, हे खरे आहे. त्याआधी माप, लाकडाची तपासणी, निदान तीन ठिकाणची कोटेशने आणि ऑर्डरप्रमाणे कापून येणारा माल यांत महिना सहज जातो. छताची उंची किंवा आकार बदलणार असेल तर महापालिकेची परवानगी लागते, आणि वाडा वारसा यादीत असेल तर आणखी वेळ धरावा. कोटेशनमध्ये पत्र्याची जाडी वरचे कोटिंग (संरक्षक लेप) धरून लिहिली आहे की वगळून, हे विचारावेच, कारण अर्ध्या मिलिमीटरचा म्हणून विकलेला पत्रा कोटिंग वगळल्यावर पुष्कळदा त्याहून पातळ भरतो. स्क्रूखालचा वॉशर कशाचा, पन्हळ आणि पत्रा व भिंत यांच्यातील फट झाकणारी भिंतीलगतची पट्टी दरात धरली आहे की नाही, आणि उतरलेल्या भंगाराचे वजन कोणाच्या खात्यावर, हेही कागदावर असावे. आमच्याकडे भिंतीलगतची पट्टी कागदावर नव्हती. ती जुलैत बसली, तेव्हा भिंतीचा रंग उतरून झाला होता.