पिक्चर ट्यूब भंगारात देऊ नका

नाणं टाकून खेळायच्या जुन्या व्हिडिओ गेम मशीन दुरुस्त करण्यावरच्या एका लेखात म्हटलंय की त्यांच्या कॅबिनेटमधली पिक्चर ट्यूब सरळ काढून टाका आणि एलसीडी बसवा, काही फरक पडत नाही. पडतो हो, भरपूर पडतो! आपण सगळे ज्याला 'मुस्तफा' म्हणायचो तो कॅपकॉम कंपनीचा १९९३ चा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' गेम घ्या, त्याचं चित्र जेमतेम ३८४ बाय २२४ पिक्सेलचं, ते ट्यूबवर दिसणार हे धरूनच काढलेलं, एलसीडीवर ताणलं की कडा जिन्याच्या पायऱ्यांसारख्या दिसतात, आणि स्वस्तातल्या पॅनलवर बटण दाबल्यावर ठोसा किंचित उशिराच बसतो.

आणि चित्र थरथरतंय, बाजूने वाकलंय म्हणजे ट्यूब गेली असं नसतं, बऱ्याचदा मॉनिटरच्या बोर्डावरचे कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे छोटे भाग, सुकलेले असतात. माझ्या कॅबिनेटचे डोक्यावर चक्क फुगले होते, जुन्या टीव्हीवाल्या मेकॅनिककडून बदलून घेतले आणि चित्र एकदम ताठ उभं राहिलं. फक्त स्वतः आत हात घालू नका, प्लग काढल्यावरही ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट साठून राहू शकतात, आधी ती साठलेली वीज नीट उतरवणारा (डिस्चार्ज करणारा) जाणकार माणूस गाठा. ट्यूबची मान, म्हणजे मागचा निमुळता काचेचा भाग, तुटली असेल तर आणि तरच एलसीडीचा विचार करा.